मगे ह्येचा करतंस काय?

नाना, माझे सासरे, आमच्याकडे आले त्याच्या दुसऱ्याच पहाटे, जेट लॅगनं झोप उडालेली म्हणून, एकटेच तळघरात उतरले. मी चहा ठेवून खाली गेले तेव्हा ते माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीसमोर हात मागे बांधून उभे होते. टाकीचे दिवे अकराला लागतात. वरच्या बुटक्या खिडकीतून न्यू जर्सीतल्या एप्रिलचा करडा उजेड येत होता आणि त्या उजेडात आतलं सगळं चहाच्या चोथ्याच्या रंगाचं दिसत होतं. दगड तपकिरी, दगडांवर चिकटलेल्या बशा तपकिरी, वाळू मळकी. दोन क्लाउन मासे तेवढे केशरी, तेही पेंगुळलेले. "फोनार दाखयत होतंस ता ह्याच?" नानांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते अजून वाकले, काचेला नाक लागेपर्यंत. "खातत काय ह्येका?" नाही नाना, खात नाहीत. मग थोडा वेळ पंपाची घरघर तेवढी. "मगे ह्येचा करतंस काय?"

मी म्हटलं, "बघते."

त्यांनी मान डोलावली आणि चहा झाला का म्हणून विचारलं. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. मालवणपासून दोनेक कोसांवर समुद्राला लागून त्यांचं घर, तिथं वस्तूला काम असतं. झावळीचा खराटा होतो, करवंटीची डोय होते, फाटकं जाळं वेलाला मांडव म्हणून लागतं. अंगणात नुसतं सुंदर दिसायला काही नाही, आणि तरी ते अंगण सुंदर आहे. त्या माणसानं समुद्रातून काढून काचेत ठेवलेली, खाता न येणारी, पहाटे तर धड दिसतही नसलेली गोष्ट बघितली आणि सरळ प्रश्न विचारला. तो प्रश्न ते सहा महिने इथं होते तोवर, आणि ते परत गेल्यावरही, माझ्या मागे लागून राहिला.

माझ्या टाकीत मुख्यतः मशरूम आहेत, म्हणजे मशरूम-प्रवाळ नावाचे समुद्री जीव. नावात प्रवाळ असलं तरी हे दगडी प्रवाळ नव्हेत. यांना सांगाडा नाही, हाड म्हणावं असं काही नाही. एक मांसल चकती, मधोमध तोंड, खाली चोखणीसारखा पाय, झालं. शास्त्रज्ञ त्यांना कोरॅलिमॉर्फ म्हणतात आणि दगडी प्रवाळांच्या नि समुद्रफुलांच्या नात्यागोत्यात कुठंतरी बसवतात. टाकीवाले त्यांच्या तीन जातींवर जीव टाकतात. डिस्कोसोमा गुळगुळीत असतात. रोडॅक्टिसच्या अंगावर केसाळ पुटकुळ्या असतात. रिकॉर्डियाच्या अंगावर मण्यांसारखे फुगवटे असतात; त्यातला एक फ्लोरिडा-कॅरिबियनकडचा, दुसरा, युमा नावाचा, पॅसिफिककडचा. बोट लावलं तर ओल्या मखमलीचा भास होतो आणि पाठोपाठ बुळबुळीत पडदा बोटावर येतो. वास मात्र ओहोटीच्या खाजणाचा. हा वास मला पुण्यात वाढल्यामुळे पूर्वी ओळखीचा नव्हता. लग्नानंतर मालवणला गेले तेव्हा आला, आणि तेव्हा अजिबात आवडला नव्हता.

ठेवायला ही जात सोपी म्हणतात, आणि ते खरंच आहे. पाण्याचं तापमान 78 फॅरनहाइट, क्षारता हजारी 35, म्हणजे लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ. दर आठवड्याला मी टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदलते. पंचाहत्तर गॅलनच्या टाकीला तेवढ्यानंच किलोभर मीठ लागतं. नळाचं पाणी चालत नाही, इथं त्यात क्लोरामिन हे जंतुनाशक असतं. आधी ते आरओडीआय नावाच्या गाळणयंत्रामधून थेंब थेंब गाळायचं, मग बादलीत मीठ घालून रात्रभर पंपानं ढवळायचं. नाना ही बादली बघून मनापासून हसले होते. मिठाच्या डब्यातून समुद्र करणारी सून! पण मीठ-पाण्याचं जमलं की मशरूमला तुमची फारशी गरज उरत नाही. दगडी प्रवाळांना कॅल्शियम मोजून द्यावं लागतं, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, थोडी घसरली की ते रुसतात, टोकाकडून पांढरे पडतात. मशरूमला उलट थोडं मळकट पाणी मानवतं. नायट्रेट अगदी शून्यावर आणलं तर आकसून बटणाएवढे होतात. प्रवाह मंद हवा, उजेड बेताचा हवा. मागं एकदा वादळात दोन दिवस वीज गेली होती. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून, टाकीभोवती गोधड्या गुंडाळून आम्ही बसलो. त्यात वरच्या कपारीतले फांद्यांचे दगडी प्रवाळ गेले, सगळे. मशरूम आठवडाभर सुरकुतले आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पसरले.

आता दिव्यांबद्दल. अकरा वाजता आधी निळे दिवे लागतात, साधारण साडेचारशे नॅनोमीटरचे, डोळ्याला जांभळट बोचणारे. आणि त्या क्षणी चहाचा चोथा पेट घेतो. हिरवे अक्षरशः विजेच्या तारेसारखे चमकतात. लाल म्हणावं तर लाल नाही, निखारा आतून असतो तसं काहीतरी. नारिंगी मण्यांच्या मधोमध फिरोजी तोंड. मी रोज बघते तरी रोज दचकते. हा रंग कुठून येतो हे नीट वाचलं तेव्हा मी जरा हिरमुसले होते, कारण या प्राण्याच्या अंगातली प्रथिनं निळा प्रकाश पितात आणि हिरवा किंवा लाल प्रकाश ओकतात, एवढंच ते. निळा नसेल तर ओकायला काही नाही. उरतो तो तपकिरी, म्हणजे त्याच्या मांसात राहणाऱ्या शेवाळपेशींचा रंग. त्याच पेशी उन्हापासून साखर करून त्याला पोसतात. म्हणजे नानांनी पहाटे पाहिला तो त्याचा स्वयंपाकघरातला रंग होता. मी फोनवर दाखवते तो माझ्या दिव्यांनी आणलेला, वर कॅमेऱ्यापुढं नारिंगी काच धरून सुधारलेला.

पण यात फसवणूक आहे असंही म्हणवत नाही. समुद्रात दहा-पंधरा मीटर खाली गेलं की उन्हातला लाल भाग पाण्यानं शोषून घेतलेला असतो, निळा तेवढा खाली पोचतो. मशरूमचं खरं घर त्याच निळ्यात. तिथं बघायला कोणी नसताना तो चमकतच असतो. कशासाठी, याची उत्तरं जागेप्रमाणे बदलतात. उथळ पाण्यात ही प्रथिनं जास्तीच्या प्रकाशापासून शेवाळपेशींना वाचवतात, आणि खोल पाण्यात काही प्रवाळांमध्ये निळ्याचा लाल करून तो त्याच पेशींना मांसात आतवर पोचवतात. आपल्यासाठी नाही, एवढं नक्की.

आणि उपयोगाचंच विचाराल तर नानांना सांगायला माझ्याकडे एक फार मोठं उत्तर होतं, ते मला त्या पहाटे सुचलं नाही. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन शोधून वापरात आणणाऱ्या तिघांना, शिमोमुरा, चॅल्फी आणि चिएन यांना, 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. लाल प्रथिन कुठं मिळालं ते कमी लोकांना ठाऊक आहे. 1999 मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी ते डिस्कोसोमामधून काढलं, म्हणजे याच, माझ्या तळघरात दगडाला चिकटलेल्या लाल बशीच्या जातीतून. आणि त्यासाठी ते कुठल्या बेटावर गेले नाहीत. मॉस्कोतल्या मत्स्यालयांमध्ये लोकांनी हौसेनं पाळलेले जीव त्यांनी तपासले. बाहेर बर्फ, आत हीटर लावलेली खाऱ्या पाण्याची टाकी, आणि त्यात बसलेला एक निरुद्योगी मशरूम! पुढं चिएन यांच्या प्रयोगशाळेनं त्या प्रथिनावर काम करून फळांच्या नावांची एक अख्खी पंगत बसवली, त्यातलं एमचेरी आज जगभर पेशी रंगवायला वापरतात. पुण्यात माझी एक मैत्रीण फळमाशांच्या मेंदूवर काम करते. तिच्या सूक्ष्मदर्शकाखालचा लाल ठिपका आणि माझ्या टाकीतला लाल यांचं हे नातं तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं, मी रोज वापरते, आम्हाला ते बाटलीतून येतं."

असं असूनही मी मशरूम जमवायला लागले ते विज्ञानासाठी नव्हे. लोभ होता, दुसरं काय. पहिला लाल पंधरा डॉलरला, दुकानदारानं जवळपास उचलून दिलेला. मग निळा ठिपकेवाला. मग एक दिवस कोणाच्या तरी टाकीत बाऊन्स बघितला. बाऊन्स म्हणजे रोडॅक्टिसचाच एक प्रकार, पण अंगावरच्या पुटकुळ्या फुगून द्राक्षाएवढ्या होतात, पारदर्शक, आत रंग भरल्यासारख्या. बघताना पोटात कसंतरी होतं, सुंदर आणि किळसवाणं यांच्या अगदी सीमेवर. यांना नावं असतात. सनकिस्ट बाऊन्स, ओजी बाऊन्स, डिस्कोसोमांत जॉब्रेकर. नाव लागलं की किंमत बदलते. रुपयाएवढ्या एका तुकड्याला कधीकाळी हजार डॉलरच्या घरात पैसे मोजलेत लोकांनी. नंतर तो वाढतो, कापला जातो, दहा जणांकडे होतो, शंभर जणांकडे होतो, आणि भाव उतरतो. मग नवं नाव येतं. मी किती मोजले ते इथं लिहिणार नाही, हा लेख घरी वाचला जातो.

या नावांवर आम्ही मंडळी ज्या तावातावानं बोलतो ते बाहेरच्यानं ऐकलं तर वेड्यात काढेल. हा अस्सल वंशातला आहे का? याची आई कोणाकडची? पिलाला फुगे येतील की साधाच निघेल? कारण साधाही निघतो. पैसे मोजून आणलेला फुगेवाला तुमच्या पाण्यात दोन महिन्यांत सपाट होतो, केसाळ तपकिरी, पंधरा डॉलरवाल्याच्या पंगतीला. प्राणी मेलेला नाही, आजारी नाही, उलट चांगला तरारलेला असतो. आपल्यालाच तो नकोसा झालेला असतो. हे मला फार खटकतं, आणि खटकूनही मी तशा एकाला मागच्या कोपऱ्यात, मासे घाण करतात त्या बाजूला, हलवलेलं आहे.

पाल्मायराचं प्रकरण वाचल्यापासून तर हे जास्तच. पॅसिफिकच्या मधोमध, हवाईच्या दक्षिणेला, माणसांची कायमची वस्ती नसलेलं हे प्रवाळबेट. 1991 साली तिथं मासेमारीचं एक मोठं जहाज खडकावर चढून बसलं आणि तसंच सोडून दिलं गेलं. लोखंड गंजत राहिलं. तिथल्या पाण्यात लोहाचा दुष्काळ असतो, आणि शास्त्रज्ञांचा कयास असा की त्या गंजाचंच खत झालं. जहाजाच्या आजूबाजूनं रोडॅक्टिस पसरत गेले. दगडी प्रवाळांवर चढले, त्यांना झाकलं, मारलं, आणि पाहणी झाली तेव्हा चौरस किलोमीटरच्या हिशेबात बोलायची वेळ आली होती. शेवटी 2013-14 मध्ये जहाजाचा सांगाडा तोडून तिथून हलवला. त्या पाहणीतली छायाचित्रं मी बघितली आहेत. नजर जाईल तिथवर मशरूम, एकाला एक खेटून, एकही मोकळा दगड नाही. टाकीवाल्याच्या डोळ्यांनी बघितलं तर कुबेराचा खजिना. समुद्राच्या बाजूनं बघितलं तर नासाडी. माझ्याकडे जो नखाएवढा तुकडा आहे, ज्याच्यासाठी मी मीठ मोजते, तो तिथं तण आहे.

नानांना पाल्मायरा सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "लोखंडार सगळा चिकाटता," म्हणाले. बुडालेल्या होडीवर काय काय चढतं हे त्यांनी आयुष्यभर खरवडलंय. माझ्या टाकीत झोअँथिड नावाचे छोटे बटणासारखे जीव आहेत, त्यांतले काही नाववाले, महागडे. ते मात्र नानांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले. ओहोटीला खडकांवर हिरवट-तपकिरी साय पसरलेली असते, पाय घसरतो ती. मालवणच्या खडकांवर त्यांच्याच जातभाईंच्या चादरी असतात, हे खरंच आहे. त्यांनी हात घालायचा बेत केला तेव्हा मात्र मी ओरडले. त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, बोटाला चीर असेल तर महागात पडतं. नाना माझ्याकडे बघत राहिले. लहानपणापासून त्या खडकांवर अनवाणी धावलेल्या माणसाला मी रबरी हातमोजे देत होते. त्यांनी ते घातले नाहीत, पण हातही घातला नाही.

हा सगळा सरंजाम मला तिकडे करता आला नसता, हेही त्यांना एकदा सांगितलं. भारतात दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तोडायचे नाहीत, विकायचे नाहीत, बाळगायचे नाहीत. मुंबईत सागरी किनारा रस्ता करताना वरळी-हाजीअलीच्या खडकांवरची बोटभर प्रवाळं 2020 मध्ये रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली, ती त्यामुळेच. नानांना कायद्याचं फारसं कौतुक नाही. मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य झालं तेव्हाचा राग गावात अजून आहे. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पर्यटक पाण्यात तोंड घालून उतरतात आणि दमले की प्रवाळावरच उभे राहतात, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. "पाय ठेवतत त्येच्यार," दोनदा म्हणाले. मी गप्प बसले. माझ्याकडची पहिली युमा पॅसिफिकातल्या कुठल्या खडकावरून, कोणाच्या छिन्नीनं निघाली असेल, ते मला ठाऊक नाही. आता टाकीत वाढवलेलेच तुकडे घेते, पण त्यांचीही आजी कधीतरी समुद्रातूनच आलेली असणार.

नानांचं मन टाकीत रमलं ते वेगळ्याच कारणानं. माझ्याकडे एक मोठा, ताटलीएवढा मशरूम आहे, हत्तीच्या कानाचा म्हणतात तो. हा कडा वर उचलून थैलीसारखा मिटतो आणि आत सापडलेला लहान मासा पचवतो. हे ऐकल्याबरोबर नाना स्टूल ओढून बसले. "ह्यो मासो गिळता?" आता खरी गोष्ट निघाली! मग रोज रात्री जेवणानंतर, निळे दिवे मंद होताना, ते त्या कानावर पहारा ठेवायचे. मी चिमट्यानं कोळंबीचा तुकडा त्याच्या मधोमध ठेवायची आणि कडा इतक्या हळू वर यायच्या की हलताना दिसत नाहीत, पाणी पिऊन परत बघितलं की मिटलेल्या असतात. नाना पाणी प्यायला जायचे नाहीत. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात वडिलांना इतका वेळ एका जागी बघितलं नव्हतं म्हणे. आम्ही तिघं तळघरात, चेहरे निळे, कोणी काही बोलत नाही. मासा मात्र त्यानं एकही गिळला नाही. नाना जरा निराश होऊनच परत गेले.

मशरूम वाढवणं म्हणजे खरं तर त्याला सुटू देणं. तो दगडावरून इंच इंच सरकतो आणि मागे पायाचे बारीक तुकडे सोडत जातो. प्रत्येक तुकड्याचा काही आठवड्यांत नवा मशरूम. घाई असेल तर पात्यानं तोंडातून सरळ दोन भाग करायचे, दोन्हीकडे तोंडाचा अंश हवा. कापताना चिकट धाग्यांचा फेस येतो, चष्मा घालावा लागतो, आणि मनाला बरं वाटत नाही. मग ते अर्धे जीव प्लास्टिकच्या वाटीत दगडांच्या चुऱ्यावर ठेवायचे आणि वर जुन्या ओढणीची जाळी रबरबँडनं ताणायची, नाहीतर प्रवाहात वाहून पंपात जातात. चार-आठ दिवसांत पाय धरतात. ज्यांना जागा आवडत नाही ते एका रात्री आपणहून सुटतात, तरंगत जातात आणि दगडांच्या मागे, हात पोचत नाही अशा फटीत मुक्काम करतात. माझा सगळ्यात महागडा तिथं आहे. काचेच्या डाव्या कोपऱ्यातून मान तिरकी केली तर त्याची एक नारिंगी कड दिसते.

कापलेल्यांचं करायचं काय, हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो. आई जास्वंदीची फांदी मागायला आलेल्या कोणालाही रिकाम्या हातानं पाठवायची नाही, आणि तिची जास्वंद वाळली की त्याच फांदीची फांदी शेजारून परत यायची. आमच्यातही तेच चालतं. वीज गेल्यावर मेलेल्यांपैकी दोन जाती मला पुन्हा मिळाल्या त्या मीच कधीतरी दिलेल्या तुकड्यांच्या. अर्थात जास्वंदीला कोणी नाव ठेवून बोली लावत नाही. फ्रॅग-स्वॅपला, म्हणजे टाकीवाल्यांच्या तुकडे अदलाबदलीच्या मेळाव्याला, टेबल मांडून बसलेली माणसं बघितली की वाटतं, ही देवाणघेवाण आणि तो बाजार एकाच खोलीत कसे काय मावतात? तिथं मीही एका हातानं पिशवी भरून देते आणि दुसऱ्यानं किंमतपट्टी वाचते.

येत्या शनिवारी पलीकडच्या गल्लीतला एक शाळकरी मुलगा येणार आहे. त्यानं वाढदिवसाच्या पैशांतून वीस गॅलनची टाकी घेतलीय आणि त्याला तो फुगे गेलेला, मागच्या कोपऱ्यातला बाऊन्स हवाय. फोटोत तोच आवडला म्हणाला, केसाळ आहे म्हणून. नवऱ्याचं मत, वीस डॉलर घे, फुकटात मिळालेलं मुलं सांभाळत नाहीत. मुलाकडे पैसे संपलेत, पण त्याच्या टाकीत शेवाळखाऊ गोगलगायी फार झाल्यात आणि माझ्या काचांवर शेवाळ आहे. सहा गोगलगायी आण म्हटलंय. तो चारवर अडून बसलाय.